एक साइन-इन आणि वीस दिवस

या घटनाक्रमातल्या घड्याळी वेळा यूटीसीनुसार, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार आहेत. भारतीय घड्याळ त्यापुढे साडेपाच तास असते.

पार्श्वभूमी

ओक्टा ही सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी, स्थापना २००९. ती इतर कंपन्यांना लॉगिनची व्यवस्था पुरवते. कर्मचारी सकाळी एकदा ओक्टातून साइन-इन करतो आणि त्याच ओळखीवर त्याला मेल, कोड, ग्राहकांची माहिती, पगाराची प्रणाली असे सगळे वापरता येते. २०२३ मध्ये तिचे १८,००० हून अधिक ग्राहक होते. ‘आत येणारा माणूस तोच आहे ना’ हे तपासण्याचे काम या सर्वांनी ओक्टावर सोपवले होते.

२० जानेवारी २०२२, २३:१८

ओक्टाच्या सुरक्षा पथकाला एक इशारा मिळतो. ग्राहकांच्या तक्रारी हाताळणाऱ्या सिटेल या कंत्राटी कंपनीतल्या एका सपोर्ट इंजिनिअरच्या खात्याला कोणीतरी नव्या ठिकाणाहून ओळख पटवण्याचे नवे साधन जोडू पाहत आहे. प्रयत्न फसतो. खाते तासाभराच्या आसपास गोठवले जाते.

ही घटना जगाला दोन महिन्यांनी, २२ मार्चला कळते. तीही लॅप्सस नावाच्या टोळीने ओक्टाच्या आतले स्क्रीनशॉट टाकल्यामुळे. धडा उघड होता: ओक्टात शिरायचे तर सपोर्टच्या वाटेने जाता येते.

१० ऑगस्ट २०२२

सिस्को आपल्यावरील हल्ल्याचा तपशील प्रसिद्ध करते. मे महिन्यात उघडकीला आलेल्या त्या घुसखोरीची सुरुवात एका कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक गूगल खात्यापासून झाली होती. त्याच्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड त्या खात्याशी सिंक होत होते. खाते हल्लेखोरांच्या हाती गेले आणि त्यासोबत सिस्कोचा पासवर्डही.

अहवाल सर्वांसाठी खुला होता. असे कसे घडते, याचे वर्णन त्यात पायरीपायरीने दिले होते.

२८ सप्टेंबर २०२३ च्या आधी

ओक्टाचा एक कर्मचारी कंपनीच्या लॅपटॉपवर क्रोम उघडतो आणि स्वतःच्या वैयक्तिक गूगल प्रोफाइलने साइन-इन करतो. कंपनीची सेटिंग त्याला अडवत नाही.

क्रोममध्ये असे साइन-इन केले की बुकमार्क, इतिहास आणि साठवलेले पासवर्ड त्या खात्यात जाऊ शकतात. ते खाते ज्या ज्या यंत्रावर उघडे असेल, तिथे ते पोहोचतात: घरचा लॅपटॉप, स्वतःचा फोन. कंपनीचा पासवर्ड अशा ठिकाणी जातो जिथे कंपनीचे सुरक्षा पथक काहीच पाहू शकत नाही.

या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात एका सर्व्हिस अकाउंटचे युजरनेम आणि पासवर्ड साठवले गेले. सर्व्हिस अकाउंट हे माणसाचे नसते. दोन प्रणालींमधली कामे आपोआप व्हावीत म्हणून ते बनवतात. ‘मीच आहे’ असे फोनवरून सांगायला त्याच्यामागे कोणी माणूस नसतो, म्हणून त्याची भिस्त बहुधा पासवर्डवरच असते. या खात्याला ओक्टाच्या ग्राहक-सपोर्ट प्रणालीतली प्रकरणे पाहण्याचा आणि बदलण्याचा अधिकार होता.

पुढे ते वैयक्तिक खाते किंवा त्या कर्मचाऱ्याचे वैयक्तिक यंत्र हल्लेखोराच्या ताब्यात गेले असावे. ओक्टाच्या तपासात हीच सर्वाधिक संभाव्य वाट ठरली.

२८ सप्टेंबर २०२३, गुरुवार. १५:०६

सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे आठ वाजून सहा मिनिटे, भारतात रात्रीचे आठ छत्तीस. सपोर्ट प्रणालीत शिरलेला हल्लेखोर एक अहवाल चालवतो आणि उतरवून घेतो. त्यात ती प्रणाली वापरणाऱ्या ग्राहकांची नावे आणि ईमेल पत्ते आहेत. गाळणी न लावता काढलेला, म्हणून संपूर्ण अहवाल.

ओक्टाला ही फाइल किती मोठी होती हे कळायला दोन महिने लागणार आहेत.

२९ सप्टेंबर, शुक्रवार. पहाट

वनपासवर्ड ही पासवर्ड सांभाळणारी कंपनी. तिच्या आयटी विभागातल्या एकाने ओक्टा सपोर्टच्या विनंतीवरून एक एचएआर फाइल तयार करून अपलोड केलेली आहे. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात झालेल्या देवाणघेवाणीची पूर्ण नोंद या फाइलमध्ये असते. बिघाड शोधायला ती उपयोगी पडते, म्हणून सपोर्टवाले ती नेहमी मागतात.

त्या नोंदीत सेशन टोकनही असते. जत्रेत तिकीट दाखवून आत गेलेल्या माणसाच्या हातावर शिक्का मारतात आणि मग त्याला पुन्हा तिकीट विचारत नाहीत, तसे हे टोकन. ते ज्याच्याजवळ असते त्याला पासवर्ड लागत नाही आणि फोनवरची खातरजमाही लागत नाही.

हल्लेखोर सपोर्ट प्रणालीतून ती फाइल उचलतो आणि त्याच सेशनने वनपासवर्डच्या ओक्टा प्रशासन पानावर जातो. गूगलशी जोडलेल्या एका लॉगिन व्यवस्थेत तो फेरफार करतो, ती सुरू करतो आणि प्रशासकांची यादी मागवतो.

ही यादी मागवणे त्याला महागात पडते. अहवाल मागवल्याची सूचना आयटी विभागातल्या त्या माणसाच्या ईमेलवर येते. आपण असे काहीच मागवलेले नाही, हे त्याच्या लक्षात येते.

२९ सप्टेंबर, त्याच दिवशी

वनपासवर्ड ओक्टाला कळवते. पहिली तक्रार नोंदली जाते.

वनपासवर्डचा संशय आधी स्वतःच्याच माणसाच्या लॅपटॉपवर जातो. फाइल बनवली तेव्हा तो कंपनीच्या बाहेरगावच्या बैठकीला गेलेला होता आणि हॉटेलच्या वायफायवर होता. लॅपटॉपमध्ये व्हायरस शोधला जातो. काही सापडत नाही.

ओक्टाचे पथक सपोर्ट प्रणालीच्या नोंदी तपासते. तिथेही काही सापडत नाही. पुढचे चौदा दिवस असेच जाणार आहेत.

२ ऑक्टोबर, सोमवार

बियाँडट्रस्ट ही सुरक्षा क्षेत्रातली अमेरिकी कंपनी. तिचा एक प्रशासक ओक्टा सपोर्टने मागितलेली एचएआर फाइल अपलोड करतो.

तीस मिनिटांच्या आत त्या फाइलमधले सेशन मलेशियातल्या एका आयपी पत्त्यावरून वापरले जाते.

बियाँडट्रस्टने नियम कडक ठेवलेले आहेत. अनोळखी यंत्रावरून प्रशासन पान उघडत नाही. मग हल्लेखोर एपीआयच्या, म्हणजे पान न उघडता प्रोग्रामने थेट आज्ञा देण्याच्या वाटेने जातो, कारण ते नियम तिथे लागू होत नाहीत. तो एक नवे खाते बनवतो आणि त्याला नेटवर्क बॅकअपच्या सर्व्हिस अकाउंटसारखे नाव देतो. यादीत सहज खपून जावे असे नाव.

बियाँडट्रस्टचे पथक ते खाते बंद करते, सेशन तोडते आणि त्याच दिवशी ओक्टाला कळवते. नोंदींवरून त्यांचा निष्कर्ष असा की फुटलेली जागा ओक्टाच्या सपोर्टमध्ये आहे.

त्याच दिवशी हल्लेखोर वनपासवर्डकडेही परत येतो. शुक्रवारी सुरू करून ठेवलेली लॉगिन व्यवस्था त्याला वापरायची असते. ती काढून टाकलेली आहे.

३ ऑक्टोबर, मंगळवार

बियाँडट्रस्ट ओक्टा सपोर्टला सांगते की हे प्रकरण वर, सुरक्षा पथकाकडे न्या. आतापर्यंत दोन ग्राहक झाले. दोघांचेही काम सुरक्षेचेच. दोघांनीही घटनेच्या थोडेच आधी सपोर्टला एचएआर फाइल दिली होती.

४ ते १० ऑक्टोबर

ओक्टाचा तपास सुरू आहे. पण तो एकाच तऱ्हेच्या नोंदी पाहतो आहे.

सपोर्टच्या प्रकरणाला जोडलेली फाइल एखाद्याने प्रकरण उघडून पाहिली, तर एका प्रकारची नोंद होते आणि ती त्या फाइलशी बांधलेली असते. तोच माणूस थेट ‘फाइल्स’च्या टॅबवर गेला आणि तिथून फाइल उघडली, तर नोंद वेगळ्या प्रकारची होते आणि तिचा क्रमांकही वेगळा असतो. तपास पथक पहिल्या प्रकारच्या नोंदी चाळत आहे. हल्लेखोर दुसऱ्या टॅबवरून ये-जा करतो आहे.

नोंदी होत आहेत. त्या कोणी पुसलेल्या नाहीत. फक्त शोध दुसऱ्या रकान्यात चालू आहे.

११ ऑक्टोबर, बुधवार

बियाँडट्रस्ट आणि ओक्टाचे सुरक्षा पथक यांची ऑनलाइन बैठक होते. बियाँडट्रस्ट पुन्हा तेच सांगते: बिघाड तुमच्या बाजूला आहे.

सर्व्हिस अकाउंट अजून चालू आहे.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

दुसरी बैठक. बियाँडट्रस्ट ओक्टाला हल्लेखोराशी जोडलेला एक संशयित आयपी पत्ता देते.

या एका पत्त्याने शोध बदलतो. आता ‘कोणती फाइल कोणी पाहिली’ असे विचारण्याऐवजी ‘या पत्त्यावरून काय काय झाले’ असे विचारता येते. उत्तरात दुसऱ्या प्रकारच्या नोंदीही येतात.

पहिल्या तक्रारीला चौदा दिवस झालेले आहेत.

१६ ऑक्टोबर, सोमवार

नोंदींमध्ये एक सर्व्हिस अकाउंट आढळते. त्याच्या नावावर अशा हालचाली आहेत ज्या आधी पाहण्यात आलेल्या नव्हत्या.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

खाते बंद केले जाते आणि त्याची सर्व सेशन तोडली जातात. २८ सप्टेंबरपासूनचा हा विसावा दिवस.

या खात्याचा माग काढता काढता तपास त्या कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवरच्या क्रोमपर्यंत आणि त्यातल्या वैयक्तिक प्रोफाइलपर्यंत पोहोचतो.

१८ ऑक्टोबर, बुधवार

क्लाउडफ्लेअर ही इंटरनेटच्या मोठ्या वाहतुकीची राखण करणारी कंपनी. तिच्या पथकाला स्वतःच्या प्रणालीत घुसखोरी दिसते. तिच्या कर्मचाऱ्याने ओक्टा सपोर्टला दिलेल्या माहितीतले टोकन वापरून हल्लेखोर आत आला आहे. पथक त्याला लगेच रोखते. ओक्टाकडून निरोप येण्याआधीच क्लाउडफ्लेअर ओक्टाला ही गोष्ट कळवते.

आता सफाईचे काम सुरू होते. ओक्टाच्या घुसखोरीत जे जे पासवर्ड आणि टोकन बाहेर पडले असतील ते सगळे बदलायचे आहेत. संख्या हजारोंमध्ये आहे. चार राहतात: एक सेवा-टोकन आणि तीन सर्व्हिस अकाउंट. ती वापरात नाहीत, असे कोणीतरी गृहीत धरलेले असते.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

ओक्टा बियाँडट्रस्टला सांगते: होय, घुसखोरी आमच्याकडेच झाली आहे. बियाँडट्रस्टने हे सांगितल्याला सतरा दिवस झालेले आहेत.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

ओक्टा घटना जाहीर करते. त्या दिवशी कंपनीचा शेअर ११ टक्क्यांहून अधिक घसरतो.

३ नोव्हेंबर

सुरक्षा प्रमुख डेव्हिड ब्रॅडबरी यांच्या नावाने कारणमीमांसा प्रसिद्ध होते. १३४ ग्राहकांच्या फाइल हल्लेखोराने पाहिल्या, एकूण ग्राहकांच्या एक टक्क्याहून कमी. त्यांपैकी ५ ग्राहकांची चालू सेशन त्याने ताब्यात घेतली. वनपासवर्ड, बियाँडट्रस्ट आणि क्लाउडफ्लेअर यांनी आपली नावे स्वतःहून जाहीर केली होती.

कंपनीच्या लॅपटॉपवरचे वैयक्तिक गूगल साइन-इन याच निवेदनात पहिल्यांदा समोर येते. उपायांच्या यादीत एक उपाय असा: ओक्टाच्या लॅपटॉपवरील क्रोममध्ये आता वैयक्तिक गूगल प्रोफाइलने साइन-इन करता येणार नाही. व्यवस्थापकांना असा निर्बंध घालण्याची सोय क्रोममध्ये कित्येक वर्षे होती.

१४ नोव्हेंबर, मंगळवार. ०९:२२:४९

क्लाउडफ्लेअरच्या प्रणालीवर कोणीतरी हलकेच चाचपणी करू लागते. हाती ऑक्टोबरमध्ये न बदललेली तीच चार ओळखपत्रे आहेत.

१५ नोव्हेंबर, बुधवार. १६:२८:३८

त्यांतली दोन लागू पडतात. हल्लेखोर कंपनीच्या अंतर्गत विकीत आणि कामाच्या नोंदवहीत, म्हणजे कॉन्फ्लुएन्स आणि जिरामध्ये शिरतो.

१६ नोव्हेंबर, गुरुवार. १४:३६:३७

तो स्वतःसाठी एक नेहमीसारखे दिसणारे खाते बनवतो. जुनी वाट बंद झाली तरी परत येता यावे म्हणून.

१७ ते २० नोव्हेंबर

हालचाल जवळपास थांबते.

२२ नोव्हेंबर, बुधवार. १४:१८:२२

तो स्लिव्हर नावाचे साधन बसवतो. आता विकी आणि नोंदवहीच्या सर्व्हरवर त्याचा कायमचा मुक्काम आहे. तिथून तो ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या, अजून सुरू न झालेल्या डेटा सेंटरकडे जाण्याचा प्रयत्न करतो. तो फसतो.

२३ नोव्हेंबर, गुरुवार. १५:५८

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची सुट्टी. हल्लेखोर एक सर्व्हिस अकाउंट प्रशासकांच्या गटात घालतो.

१६:०० स्वयंचलित इशारा सुरक्षा पथकाकडे जातो.

१६:१२ पथक तपासाला लागते.

१६:३५ ते सर्व्हिस अकाउंट बंद होते.

१७:२३ हल्लेखोराने बनवलेले खाते सापडते आणि बंद होते.

१७:४३ कंपनीत आणीबाणी जाहीर होते.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार. १०:४४

हल्लेखोराची शेवटची ज्ञात हालचाल. ११:५९ ला स्लिव्हर काढून टाकले जाते.

ग्राहकांची माहिती हल्लेखोराच्या हाती लागलेली नाही. पण त्याने विकीची २०२ पाने, नोंदवहीतली ३६ प्रकरणे आणि कोडची १२० भांडारे पाहिली आहेत. त्यांपैकी ७६ भांडारे त्याने बाहेर नेली असावीत असे धरून क्लाउडफ्लेअर पुढे जाते.

२७ नोव्हेंबर ते ५ जानेवारी २०२४

क्लाउडफ्लेअरच्या तांत्रिक विभागातले बरेचसे मनुष्यबळ एकाच कामाला लावले जाते. ५,००० हून अधिक ओळखपत्रे बदलली जातात. ४,८९३ यंत्रांची छाननी होते. साओ पावलोची यंत्रे तपासणीसाठी उत्पादकांकडे परत पाठवली जातात. तिथे काही सापडत नाही, तरीही ती बदलली जातात.

हजारोंतली चार ओळखपत्रे राहिली होती. त्यांची किंमत इतकी.

२९ नोव्हेंबर २०२३

मधल्या काळात ओक्टाचे पथक २८ सप्टेंबरचा तो अहवाल पुन्हा चालवून पाहते. त्यांनी काढलेली फाइल हल्लेखोराने नेलेल्या फाइलपेक्षा लहान निघते. आकार जुळत नाहीत. गाळणी काढून टाकल्यावर आकार जवळपास जुळतात.

ओक्टा नवे निवेदन देते. एक टक्क्याहून कमी ग्राहकांचा आकडा आता पुरत नाही. अमेरिकी सरकार आणि संरक्षण खात्यासाठीच्या वेगळ्या प्रणाली सोडल्या, तर ओक्टाची सपोर्ट प्रणाली वापरणाऱ्या सर्व ग्राहकांची नावे आणि ईमेल पत्ते गेलेले आहेत. यांतले पुष्कळ जण आपापल्या कंपन्यांचे प्रशासक आहेत. खोटे ईमेल पाठवून फसवणाऱ्याला याहून नेमकी यादी मिळणार नाही.

हे सगळे पहिल्याच दिवशी, १५:०६ ला झालेले होते.

जबाबदारी

ओक्टाच्या त्या कर्मचाऱ्याचे नाव कुठेही प्रसिद्ध झालेले नाही आणि ते व्हायलाही नको. त्याने जे केले ते कार्यालयांमध्ये रोज होते. कामाच्या लॅपटॉपवर कोणी मुलाच्या शाळेची फी भरतो, कोणी घरचा मेल पाहतो. दिवसाचे नऊ-दहा तास ज्या यंत्रासमोर जातात, त्यावर घरची कामे येणारच. केवळ ‘वैयक्तिक वापर करू नये’ असे नियमपुस्तकात लिहून ही गोष्ट थांबलेली नाही आणि थांबणारही नाही.

इथे धोका फी भरण्यात नव्हता. घरच्या खात्याने ब्राउझर चालवण्यात होता. वेबसाइटवर वैयक्तिक खाते उघडणे ही एक गोष्ट आणि संपूर्ण ब्राउझरच त्या खात्याच्या नावाने चालवणे ही दुसरी. दुसऱ्या प्रकारात कामाचे पासवर्ड घरच्या खात्यात साठू लागतात. हा फरक ओक्टासारख्या सुरक्षेच्या कंपनीतही पुरेसा पाळला गेला नव्हता, तर तो प्रत्येक कर्मचाऱ्याला आपोआप कळेल असे कोणी धरू नये.

कंपन्यांनी ब्राउझरमधल्या वैयक्तिक साइन-इनवर आजच निर्बंध लावावा आणि कर्मचाऱ्यांना त्याचे कारणही सांगावे. पासवर्ड ठेवायला अधिकृत जागा द्यावी, कारण अशी जागा नसली की माणूस ब्राउझरने विचारलेल्या ‘जतन करू का’ला होकार देतो. आणि ग्राहकाने ‘बिघाड तुमच्याकडे आहे’ असे दुसऱ्यांदा सांगितले, की ‘सापडत नाही’ या उत्तरावर थांबू नये. आपण कोणत्या नोंदी पाहिल्याच नाहीत, ते आधी शोधावे.

ज्याच्यासमोर कामाचा लॅपटॉप आहे त्याच्या हातातही एक गोष्ट आहे. क्रोममध्ये उजवीकडे वरच्या कोपऱ्यात ज्या खात्याचे चिन्ह दिसते ते घरचे असेल, तर तिथून साइन-आउट करावे. मग घरच्या खात्यात साठलेले कामाचे पासवर्ड शोधून पुसावेत आणि ते बदलून मिळावेत म्हणून आयटी विभागाला कळवावे. हे सांगायला संकोच वाटतो. पण या प्रकरणात कळवणारा प्रत्येक माणूस, मग तो वनपासवर्डचा असो की बियाँडट्रस्टचा, योग्य ठरला. उशीर झाला तो ऐकणाऱ्यांकडून.